विधेयक समितीपुढे असते तेव्हा आपण कोठे असतो?

निवेदन कसे लिहावे हे बीड जिल्ह्यातील आपल्या समाजाला कोणी शिकवावे, अशी स्थिती आज राहिलेली नाही. गायरान जमिनीचा प्रश्न असो, स्मशानभूमीच्या वाटेचा असो, की थकलेल्या शिष्यवृत्तीचा असो. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंतच्या अकराही तालुक्यांतून आपली माणसे जिल्हाधिकारी कार्यालयावर येतात, निवेदन सादर करतात, प्रतीवर पोच घेतात आणि सायंकाळच्या एस. टी.ने गावी परततात. ही जागृती लहानसहान नव्हे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी निजामाच्या फर्मानापुढे मान लववून आयुष्य काढले, त्यांची नातवंडे आज राज्यकर्त्यांना लेखी जाब विचारतात, ही गोष्ट अभिमानाचीच आहे.

परंतु, वाचकहो, या अभिमानाबरोबर एक प्रश्नही स्वतःला विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. जिल्हाधिकारी हा कायद्याची अंमलबजावणी करणारा अधिकारी होय. कायद्यातील एक काना-मात्राही त्याला बदलता येत नाही. मग आपली तक्रार कायद्याच्या शब्दाविषयीच असेल, तर ती त्याच्या दारी नेऊन काय साधणार? कायद्याचे शब्द जेथे ठरतात ते ठिकाण निराळे आहे, आणि ते ठरण्याची वेळही निराळी आहे. ते ठिकाण म्हणजे कायदेमंडळाची समिती, आणि ती वेळ म्हणजे विधेयकाचा कायदा होण्यापूर्वीचे थोडे आठवडे. त्या ठिकाणी आणि त्या वेळी आपण बहुधा हजर नसतो. कायदा संमत झाला, राजपत्रात छापून आला, त्याचा चटका अंगाला बसला, म्हणजे मग आपण जागे होतो आणि मोर्चा काढतो. आपले निवेदन चांगले असते. परंतु ते उशिरा लिहिलेले असते आणि त्यावरचा पत्ता चुकलेला असतो.

एका शब्दाची किंमत

कायद्याच्या शब्दांचा कीस वकिलांनी काढावा, शेतमजुराला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने तरी असे म्हणू नये. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात अशी तरतूद होती की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माचा उल्लेख घालण्यात आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाऊन अस्पृश्यतेचे जोखड फेकून दिले. पण त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द नव्हता. अस्पृश्यता पाळणाऱ्या गावाने त्यांचे धर्मांतर ओळखले नाही. केंद्राच्या कायद्याने मात्र तत्काळ ओळखले, आणि अनुसूचित जातींच्या सूचीतून त्यांना बाहेर ठेवले. तो एक शब्द आदेशात येण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे. तेवढ्या काळात एक संपूर्ण पिढी शिकली, नोकरीच्या वयाची झाली आणि ते वय उलटूनही गेली.

आज अनुसूचित जातीतील कुटुंब बौद्ध झाले तरी त्याच्या दर्जाला बाध येत नाही, तो त्या एका शब्दामुळे. शब्दाची किंमत यापेक्षा अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न एवढाच उरतो की, असे शब्द घातले किंवा वगळले जातात कोठे?

विधेयकाची वाटचाल

मंत्री प्रथम सभागृहाच्या अनुमतीने विधेयक मांडतो. विधेयकाला जोडून 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. हा कायदा का हवा, याचे सरकारने दिलेले उत्तर त्यात सापडते. हे पहिले वाचन. विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होते, म्हणजे ते वाचावयास कोणत्याही नागरिकाला मोकळे होते. दुसरे वाचन हा विधेयकाच्या आयुष्यातील खरा कसोटीचा टप्पा होय. येथे सभागृहापुढे निरनिराळे मार्ग असतात. विधेयक तेथल्या तेथे विचारास घ्यावे. एकाच सभागृहाच्या प्रवर समितीकडे पाठवावे. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे. किंवा लोकमत अजमावण्यासाठी ते प्रसृत करावे. याखेरीज १९९३ पासून संसदेत मंत्रालयांच्या वाटणीप्रमाणे स्थायी समित्या आहेत. आरंभी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ झाल्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याने विधेयक आणले, त्यानेच त्याची परीक्षा घ्यावयाची नाही, हे त्यातील तत्त्व होय.

समितीकडे विधेयक गेले म्हणजे काय घडते? समिती वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदने मागविते. संबंधित खात्याच्या सचिवांना बोलावून प्रश्न विचारते. तज्ज्ञांच्या आणि संघटनांच्या साक्षी घेते. त्यानंतर विधेयकाचा एकेक खंड पुढे घेऊन त्यावर चर्चा होते. या बैठका बंद दाराआड होतात. तेथे प्रेक्षक नसतात, म्हणून टाळ्यांसाठी भाषण करण्याचा मोहही नसतो. पक्ष निराळे असले तरी सदस्य परस्परांचे ऐकून घेतात. शेवटी अहवाल तयार होऊन सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. ज्या सदस्याचे मत निराळे असेल, त्याला आपली भिन्नमतपत्रिका अहवालास जोडता येते. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, हे खरे. परंतु तो छापील स्वरूपात राहतो, आणि छापील साक्ष पुढे न्यायालयात, सभेत आणि निवडणुकीतही बोलते.

संघाला हे ठाऊक होते

समिती ही पाश्चात्त्यांकडून आलेली वस्तू आहे, असा समज आपल्यापैकी कित्येकांचा असेल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. भिक्षुसंघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व नियम माहीत होते आणि ते पाळले जात होते. त्याला जोडून आम्ही येथे विनयपिटकातील आणखी एका नियमाचे स्मरण देतो. त्याचे नाव उब्बाहिका.

बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्षूंच्या दहा आचारांविषयी वाद उत्पन्न झाला. सोने-रुपे स्वीकारावे काय, हा त्यांतील मुख्य प्रश्न. संघ जमला, पण भाषणांना अंत लागेना आणि कोणत्या भाषणाचा अर्थ काय हेही कळेना. तेव्हा रेवत स्थविरांनी संघापुढे रीतसर ठराव ठेवून पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्षूंकडे तो वाद सोपविला. ते आठजण वालिकाराम नावाच्या शांत स्थळी बसले. तेथे रेवतांनी एकेक मुद्दा विचारावा आणि सर्वांत वृद्ध अशा सब्बकामींनी त्याचे उत्तर द्यावे, याप्रमाणे दहाही मुद्द्यांचा निकाल झाला. पण काम तेवढ्यावर थांबले नाही. तीच प्रश्नोत्तरे पुन्हा संपूर्ण संघासमोर करण्यात आली, म्हणजे समितीने काय केले हे सर्वांना कळावे.

वाचकहो, यात काय उणे आहे? दोन्ही पक्षांचे सारखे प्रतिनिधी आहेत, शांत जागा आहे, मुद्द्यामागून मुद्दा घेण्याची शिस्त आहे, आणि शेवटी सर्वांपुढे अहवाल आहे. विधेयक समितीकडे पाठवा अशी मागणी करणारा बौद्ध परक्याचे काही मागत नाही. तो आपल्या संघाच्या रीतीचीच मागणी करीत असतो.

ऊसतोड कामगार आणि हरवलेला भत्ता

आता या सर्वाचा बीडच्या माणसाशी काय संबंध, ते पाहू. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल; मग कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखाना. ऊस संपेपर्यंत घर म्हणजे पाचटाची खोप. या कष्टकऱ्यांत सर्व जातींचे लोक आहेत. आपली बौद्ध कुटुंबेही आहेत.

परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात विस्थापन भत्त्याची तरतूद होती. कंत्राटदाराने मजूर भरती करताना त्याला अर्ध्या महिन्याच्या वेतनाएवढी, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचाहत्तर रुपयांहून कमी नाही, अशी रक्कम द्यावयाची. ती वेतनाहून वेगळी समजावयाची. आणि ती परत मागावयाची नाही. उचल आणि हा भत्ता यांतील अंतर पाहा. उचल हे कर्ज आहे. ते फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो. विस्थापन भत्ता हा हक्क होता. गाव सोडावे लागते म्हणून कायद्याने दिलेला. तो किती टोळ्यांच्या हाती पडला, हा प्रश्न निराळा. पण मागण्याचा आधार कायद्यात लिहिलेला होता.

२०१९ च्या जुलैमध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. तेरा जुने कायदे एकत्र करण्याचा त्यात हेतू होता, आणि १९७९ चा कायदा त्या तेरांपैकी एक. ते विधेयक श्रमविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. समितीपुढे गेलेल्या त्या विधेयकात विस्थापन भत्ता होता. पुढे सरकारने ते विधेयक मागे घेऊन १९ सप्टेंबर २०२० रोजी नवे मांडले. त्यात विस्थापन भत्ता नव्हता. नवे विधेयक पुन्हा समितीकडे गेले नाही. २२ सप्टेंबरला लोकसभेने आणि २३ सप्टेंबरला, विरोधी पक्षांचा बहिष्कार असताना, राज्यसभेने ते संमत केले. मांडल्यापासून संमत होईपर्यंत पाच दिवस.

निःपक्षपणे सांगावयाचे तर नव्या संहितेत काही चांगलेही आहे. कंत्राटदाराविना स्वतःहून परराज्यात कामाला जाणाऱ्या मजुराचाही समावेश व्याख्येत झाला, ही सुधारणा होय. पण जुन्या कायद्याला पाच परप्रांतीय मजूर पुरत. नव्या संहितेला दहा लागतात. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत. आता पन्नासांपासून होतात. वीस कोयत्यांच्या टोळीत चाळीस माणसे असतात. अशा टोळीचा मुकादम पन्नासांच्या त्या रेषेच्या अलीकडेच राहतो. ज्याने ही संख्या लिहिली, त्याला टोळी म्हणजे काय हे कोणी सांगितले होते काय? ते सांगण्याची जागा समितीच होती.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे वीसच्या सप्टेंबरातील त्या पाच दिवसांत जे झाले, त्याचे फळ बीडच्या मजुराच्या पदरी पाच वर्षांनी पडले. आता त्यावर मोर्चा काढता येईल आणि काढावाही. पण जे वाक्य गळाले ते जिल्हाधिकाऱ्याला परत घालता येणार नाही.

हा एकच प्रसंग नव्हे. पंधराव्या लोकसभेच्या काळात, २००९ ते २०१४ मध्ये, दर दहा विधेयकांपैकी सुमारे सात समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेच्या काळात, २०१९ ते २०२४ मध्ये, सहांपैकी सुमारे एकच गेले. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न पाठविता संमत झाले. शेतकऱ्यांनी वर्षाहून अधिक काळ दिल्लीच्या सीमेवर ठाण मांडले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेला ते रद्द करावे लागले. समितीच्या खोलीत जे ऐकून घ्यावयाचे होते, ते रस्त्यावर ऐकावे लागले; आणि त्याची किंमत सरकारने नव्हे, तर थंडीवाऱ्यात बसलेल्या शेतकऱ्यांनी मोजली.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, समिती म्हणजे विलंब. सरकारला विधेयक गाडावयाचे असले म्हणजे ते समितीकडे पाठविते. इतिहास काय सांगतो? हिंदू कोड बिल ९ एप्रिल १९४८ रोजी प्रवर समितीकडे सोपविण्यात आले. बाबासाहेब स्वतः त्या समितीचे अध्यक्ष होते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी समितीचा अहवाल तयार होता. म्हणजे समितीने चार महिन्यांत काम संपविले; त्यानंतर तीन वर्षे ते बिल रखडले ते सभागृहात, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्त्रियांच्या राखीव जागांचे विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. डिसेंबरात अहवाल आला. कायदा व्हावयास मात्र २०२३ साल लागले. दोन्ही ठिकाणी समितीने महिने घेतले आणि राजकारणाने वर्षे घेतली. विलंबाचा दोष समितीच्या माथी मारणे म्हणजे रोग्याच्या मृत्यूचा दोष नाडी पाहणाऱ्यावर ठेवणे होय.

याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा दुबळा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात संसदेने, समितीकडे न पाठविता, काही दिवसांत दुरुस्ती करून तो पूर्ववत केला आणि आपण समाधान व्यक्त केले. मग हा दुटप्पीपणा नव्हे काय? आमच्या मते नव्हे. ती दुरुस्ती अल्प शब्दांची होती आणि असलेला हक्क परत ठेवणारी होती. याउलट त्याच कायद्यात नवे गुन्हे आणि नवे हक्क घालणारे मोठे विधेयक जुलै २०१४ मध्ये मांडले गेले, तेव्हा ते सामाजिक न्यायविषयक स्थायी समितीकडे गेले, डिसेंबरात त्यावर अहवाल आला, आणि २६ जानेवारी २०१६ पासून तो कायदा अमलात आला. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार, चपलांचा हार घालणे, मेलेली जनावरे ओढावयास लावणे, निवडणुकीस उभे राहू न देणे, या गोष्टी गुन्हे म्हणून त्यात स्पष्ट लिहिल्या गेल्या. पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. गिरणीत दळण घेण्याचे बंद झाले, दुकानात सामान देण्याचे बंद झाले, हे ज्या कुटुंबाने सोसले आहे, त्याला या शब्दांचे मोल सांगावयास नको. हक्क परत ठेवावयाचा असेल तर घाई क्षम्य आहे. हक्क काढून घ्यावयाचा किंवा नव्याने आखावयाचा असेल तर घाई क्षम्य नाही, हा आमचा निकष आहे.

दुसरा आक्षेप असा की, समिती आपले ऐकतेच असे नाही. हे खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते प्रवर समितीकडे गेले आणि तेथून असे बदलून आले की, १९२९ साली त्यांनीच ते परत घेतले. अलीकडचे उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते मांडल्यावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. चंद्रशेखर बावनकुळे तिचे अध्यक्ष होते. लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. विधेयकच मागे घ्या, असे म्हणणारे त्यांत पुष्कळ होते. ते मागे घेतले गेले नाही. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. परंतु बदल झाले, हेही नाकारता येत नाही. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' यांची बेकायदेशीर कृत्ये असे शब्द होते. ते बदलून रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटनांवर आणण्यात आला. तपास अधिकाऱ्याचा दर्जा उपनिरीक्षकावरून पोलीस उपअधीक्षकापर्यंत वाढविण्यात आला. सल्लागार मंडळाच्या रचनेतही बदल झाला. 'तत्सम' या शब्दाचे भय अनेकांना आजही वाटते, आणि ते अनाठायी नाही. पण विचार करा: बारा हजारांऐवजी बाराच निवेदने गेली असती, तर 'व्यक्ती' हा शब्द आहे तसाच राहिला नसता काय?

तिसरा आक्षेप भाषेचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत न्याय्य वाटतो. संसदेच्या समित्यांच्या जाहिराती निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत मागतात. मुदतही थोडकीच असते. वडवणीच्या किंवा शिरूर कासारच्या वस्तीवरच्या बाईने आपल्या गर्भारपणात उसाच्या फडात काय सोसले, हे तिला तिच्याच भाषेत सांगता येणार. तिला दुभाषा शोधावयास लावणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा करणे होय.

आमच्या मागण्या आणि तुमचे काम

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. श्रम, जमीन, वन, शिक्षण, जात आणि धर्म यांना स्पर्श करणारे प्रत्येक विधेयक समितीकडे पाठविणे सभागृहाच्या नियमांनी सक्तीचे व्हावे. ते अध्यक्षांच्या वा सरकारच्या इच्छेवर राहू नये. समितीच्या अहवालानंतर सरकारने विधेयकातून एखादा हक्क वगळला, तर ते पुन्हा समितीपुढे गेलेच पाहिजे. हा नियम असता तर विस्थापन भत्ता मुकाट्याने नाहीसा झाला नसता. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत निवेदन स्वीकारले जावे आणि त्याचे भाषांतर करण्याचा भार सचिवालयाने उचलावा. समितीची जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. विधानमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे करते; मग ऊसतोड कामगारांविषयी विधेयक विचाराधीन असेल, तर ते तपासणाऱ्या समितीने बीडला येऊन साक्षी घेण्यास काय अडचण आहे?

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसणे हा आपला मार्ग नव्हे. तुमच्या विहारात दर रविवारी वंदना होते, वाचन होते. त्या वाचनाला महिन्यातून एक तास जोडा. तुमच्या घरातील शिकलेल्या मुलामुलीला संसदेच्या आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास सांगा की, कोणते विधेयक मांडले गेले आहे आणि कोणते समितीपुढे आहे. आपल्याशी संबंध असलेले एक निवडा. त्याचे उद्देश व कारणे यांचे निवेदन मोठ्याने वाचा आणि मग विचारा: हे जर असे झाले, तर आपल्या वस्तीत काय घडेल?

समितीला पाठवावयाच्या निवेदनात घोषणा नसाव्यात. तीन गोष्टी असाव्यात: कोणता खंड, त्याचा आपल्या जीवनावर काय परिणाम, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. 'मजुरांवर अन्याय होत आहे' या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. 'अमुक खंडातील पन्नास ही संख्या वीस करावी, कारण आमच्या टोळीत चाळीस माणसे असतात' या वाक्यावर करता येते. प्रत्यक्ष साक्ष देण्याची तयारी असेल तर तसे निवेदनात लिहा. भाषेची अडचण असेल तर गावच्या शिक्षकाची, नाहीतर तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाची मदत घ्या. मूळ मराठी निवेदनही सोबत जोडा. एक प्रत आपल्या खासदाराला द्या, आणि पुढच्या भेटीत त्याने त्याचे काय केले हे विचारा. ज्या बीडने १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले, त्याच बीडचा २०२४ चा निकाल ६,५५३ मतांनी लागला. एवढ्या मतांच्या अंतरावर उभ्या असलेल्या प्रतिनिधीला मतदाराचा लेखी प्रश्न टाळता येत नाही.

आणि विधेयकाचा कायदा झाला म्हणजे सर्व संपले, असेही समजू नका. पुष्कळशा गोष्टी कायदा नियमांवर सोपवितो. याच श्रमसंहितेत परराज्यातील मजुराला गावी जाण्या-येण्याचे भाडे वर्षातून एकदा एकरकमी मालकाने द्यावे, असे म्हटले आहे. पण ते मिळण्यासाठी किती दिवसांची नोकरी झालेली असावी, हे नियमांवर ठेवले आहे. उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. दिवसांची अट हंगामाहून मोठी असली, तर तो हक्क बीडच्या मजुराच्या हाती कधीच पडणार नाही. असे नियम करण्यापूर्वी त्यांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, आणि झालेले नियम तपासणारी समितीही संसदेत असते. तेथेही निवेदनाला जागा आहे.

कायद्याच्या पुस्तकात 'बौद्ध' हा शब्द नाही म्हणून चौतीस वर्षे वाट पाहणाऱ्या समाजाला धीर कोणी शिकवावयास नको. आता वेळेवर बोलण्याची सवय हवी. येत्या रविवारी विहारात पाच माणसे जरी बसली आणि त्यांनी एक विधेयक, एक खंड, एक दुरुस्ती एवढे जरी कागदावर उतरविले, तरी पुढच्या वेळी समितीची जाहिरात निघेल तेव्हा बीड जिल्ह्याचे निवेदन मुदतीच्या आत पोचेल. आठ भिक्षूंनी वालिकारामात बसून जे केले, ते पाच गृहस्थांना आपल्या विहारात बसून करता येणार नाही, असे मानण्यास आम्हांस काहीही कारण दिसत नाही.